चित्र क्रमांक एक : निरोगी हात

१

सकाळी आठला दवाखान्यातली मदतनीस गुणाबाई काळं कापड झटकून टेबलावर अंथरायची आणि नथ्थूचा दिवस सुरू व्हायचा. रोग्यानं कापडावर हात ठेवायचा, मनगटाखाली वाळूची पुरचुंडी, शेजारी लाकडी पट्टी. खिडकी उत्तरेची, त्यामुळे ऊन थेट आत यायचं नाही आणि सावल्या फारशा हलायच्या नाहीत. नथ्थू आधी कर्कटकानं बोटांची पेरं मोजायचा, मग पेन्सिल, मग जलरंग. एका हाताला दोन दिवस लागायचे. हाताएवढाच हात, ना तीळभर मोठा ना लहान.

सत्तावन्न सालचा ऑक्टोबर. गडचिरोलीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या रानात, तीन पत्र्याच्या खोल्यांचा हा रगतपितीचा, म्हणजे कुष्ठरोगाचा दवाखाना. डॉक्टर गुणवंतराव तिथे चित्रांचं एक पुस्तक करत होते. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेवकानं ते पिशवीत ठेवायचं, माणसाचा हात चित्राशेजारी धरायचा आणि रोग वेळेत ओळखायचा. वेळेत ओळखला तर गोळ्यांनी थांबतो. उशीर झाला तर नस मरते, बोटं वाकतात, चुलीचा चटका लागला तरी कळत नाही.

एकेचाळीस चित्रं झाली होती. एकेचाळिसावा हात पोचू नावाच्या म्हाताऱ्या गोंडाचा होता. तो उठता उठता म्हणाला, "नथ्थूभाऊ, हे चित्र जाईन कुठी?"

"नागपूरले. छापखान्यात."

"बरं झालं. मी तं चांद्याच्या पुढे गेलो नाई कधी. हात तरी जाऊन येईन."

आता एकच चित्र राहिलं होतं आणि ते पुस्तकात सगळ्यांच्या आधी येणार होतं. निरोगी हात. बाकीचे सगळे हात त्याच्याशी ताडून बघायचे होते. नथ्थूनं गुणाबाईलाच बसवलं. तिचा हात चांगला होता, कामानं घडलेला, नखं आखूड. दोन दिवसांनी रंग वाळले तेव्हा त्यानं कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

गुणवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "करंगळी का वाकवलीस?"

"नाही वाकवली."

"मग ही काय आहे? काढलंयस छान. पण हा सातव्या चित्राशेजारी जाणारा हात आहे. सुरुवातीचा रोगी."

गुणाबाईला हाक गेली. तिनं पदराला हात पुसून टेबलावर पालथा ठेवला. पाचही बोटं सरळ. चित्रातली करंगळी मात्र मधल्या पेरात आत वळलेली होती. फार नाही. बोट जरा झोपेत असावं तशी.

"मले काही झालं काय जी?" गुणाबाईनं विचारलं.

"तुम्हाला नाही बाई. ह्याला झालंय," डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच हसले. स्वतःच्या विनोदाला हसायची त्यांना सवय होती. दवाखान्यात दुसरं कोण हसणार?

२

समोर आहे तसंच काढायचं, हा नथ्थूचा एकुलता एक धर्म. त्यापायी तो नागपूरचं मेडिकल सोडून आला होता.

सोडून आला म्हणजे काय, प्रोफेसरनं हाकललं आणि यानं मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या वर्षाला, चिरफाडीच्या टेबलावर, एका प्रेताच्या दंडातली रक्तवाहिनी पुस्तकात दाखवली होती तिथे नव्हती. दोन बोटं अलीकडे होती. नथ्थूनं ती अलीकडेच काढली. प्रोफेसर म्हणाले, पुस्तकात आहे तशी काढ. नथ्थू म्हणाला, प्रेत समोर आहे, तुम्हीच बघा. प्रोफेसरांनी बघितलं नाही. वीस वर्षं तीच वाहिनी शिकवणारा माणूस कशाला बघेल? त्यांनी कागद फाडला. नथ्थूनं उरलेली वही त्यांच्या टेबलावर टाकली आणि हॉस्टेलातून वळकटी उचलली. ती वही फिरत फिरत गुणवंतरावांकडे गेली, म्हणून ही नोकरी.

पण त्याचा हा धर्म त्याहून जुना होता. नथ्थू वाढला वडशाला, लटारूमामाकडे. लटारू पेंटर म्हणजे झाडीपट्टीतल्या निम्म्या नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारा माणूस. राजवाडा, जंगल, रस्ता, तुरुंग. दर्शनी पडद्यावर दोन बाजूंना दोन द्वारपाल, मध्ये आरतीचं ताट घेतलेली बाई. आणि या सगळ्यांचा डावा हात एकच. द्वारपालाचा तोच, बाईचा तोच, जंगलातल्या ऋषीचाही तोच. लोक म्हणायचे, लटारू आपलाच डावा हात पाहून काढतो. मामा मिशीतल्या मिशीत हसायचा.

खरी गोष्ट घरातल्यांना माहीत होती. मामा कोणताच हात पाहून काढत नव्हता. त्याच्याकडे खाका होता. जाड, तेल पाजलेला पिवळा कागद, त्यावर हाताच्या रेषेरेषेनं सुईनं टोचलेली भोकं. कागद पडद्यावर धरायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवायची. खाली ठिपक्यांचा हात उमटतो. उस्तादानं मामाला दिलेला, मामा शिष्याला देणार.

नथ्थू नऊ-दहा वर्षांचा असताना त्या खाक्यावर आपला हात ठेवून बघायचा. बोटावर बोट. हात लहान पडायचा. एकदा मामानं पाहिलं आणि अशी थोबाडीत दिली की दोन दिवस कान वाजत होता. कारण सांगितलं नाही. मोठ्या माणसांचं हे असंच. कारण विचारलं की दुसरी थोबाडीत.

तेव्हापासून नथ्थूला खाक्याची किळस होती. सगळ्या जगाला एकच हात वाटत सुटणाऱ्या मामाची त्याहून जास्त.

३

दुसऱ्यांदा त्यानं सुकलू गाडीवानाला बसवलं. सुकलू रोज बैलांचे कासरे ओढणारा, हात दगडासारखा. नथ्थूनं करंगळीचं प्रत्येक पेर तीनदा मोजलं. मापं कागदाच्या कडेला लिहिली. रंग द्यायच्या आधी रेषा पट्टीनं तपासली. सरळ होती. रंग देऊन झाले, ब्रश धुवायला तो बाहेर गेला, परत आला, आणि दारातूनच त्याला दिसलं.

जवळ जाऊन त्यानं कर्कटक लावलं. कडेला लिहिलेली मापं बरोबर होती. बोटाची लांबीही बरोबर होती. फक्त ते बोट वळलं होतं.

त्यानं शांतपणे विचार केला. डोळे थकले असतील. सहा महिने वाकलेली बोटंच काढतो आहोत, हाताला वळण लागलं असेल. कारकून बदली झाल्यावर आठवडाभर जुन्याच गावाचं नाव लिहितो, तसं. यात भिण्यासारखं काही नाही.

तिसऱ्यांदा त्यानं डोळ्यांना कामच दिलं नाही. गुणाबाईला म्हणाला, हात कागदावरच ठेवा. आणि पेन्सिल तिच्या बोटांच्या कडेनं फिरवली, शाळेतली पोरं फिरवतात तशी. मनगटापासून मनगटापर्यंत, पेन्सिल न उचलता.

"गुदगुल्या होतेत ना जी," गुणाबाई म्हणाली.

"हलू नका."

"नाई हलून राह्यली. दगडावानी ठेवला हात."

पेन्सिल मनगटाशी आली. गुणाबाईनं हात उचलला. दोघांनी कागदाकडे पाहिलं.

रेषेतली करंगळी आत वळलेली होती. मग गुणाबाईनं आपली करंगळी दुसऱ्या मुठीत धरली, घट्ट, आणि म्हणाली, "नथ्थूभाऊ, मी तुम्हाले आता हात नाई देत. राग मानू नका."

४

"तुझ्या मामाचा हात मला बघायला आवडेल," गुणवंतराव म्हणाले. नथ्थूनं त्यांना पडद्यांचं सांगितलं होतं, नाइलाजानं. "अशी करंगळी म्हणजे कोपराजवळची नस. लहानपणापासून तू एकाच वाकड्या हाताची चित्रं पाहिलीस, तीच उतरतायत. मामाला रोग असेल आणि त्यानं लपवला असेल. लोक लपवतात."

"पडद्यांवरचा हात वाकडा नव्हता."

"तुला आठवतं?"

 खरं तर आठवत नव्हतं. पडदा वीस हातांवरून बघायची वस्तू, करंगळी कोण बघतो?

"दिवाळीच्या आत कागद छापखान्यात जायला हवेत," डॉक्टर म्हणाले. "तोपर्यंत निरोगी हात निघाला नाही तर मी नागपूरहून दुसरा माणूस बोलावीन. आणि मग तुझी आधीची एकेचाळीसही त्यालाच तपासायला देईन. माझा इलाज नाही. तू समोरचं काढतोस की मनातलं, हे मला कळायला हवं."

हे त्यांनी अगदी मवाळ आवाजात सांगितलं. प्रोफेसरनं निदान कागद फाडला होता.

नथ्थू दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं वडशाला निघाला.

५

दिवाळीआधी सगळ्या मंडळ्यांचे पडदे डागडुजीला लटारूमामाकडे येतात. तांदळाच्या गिरणीमागचं त्याचं लांबलचक छप्पर बांबूंना टांगलेल्या पडद्यांनी भरलं होतं. दुपारचं ऊन कौलांच्या फटीतून येत होतं, खळीचा आंबूस वास होता. गिरणी चालू होती, त्या धक्क्यांनी पडदे जरा जरा हलत होते.

"आले काय डॉक्टरसाहेब?" मामा खळीच्या हंड्यापाशी बसला होता. उठला नाही. "का अर्धेच डॉक्टर हाये तुम्ही?"

"मामा, हात दाखव तुझा. डावा."

"काऊन बे? भविष्य पाहतं काय?"

"दाखव म्हटलं ना."

रुखमाबाई, मामी, आतून आली आणि म्हणाली, "दाखवा ना जी, इतक्या दुरून आला पोरगा." मामानं धोतराला हात पुसून पुढे केला. नथ्थूनं खिशातलं कर्कटक काढलं आणि त्याचं टोक करंगळीत टोचलं.

"ओय! काय बे, मारतं काय मले?"

करंगळी सरळ होती. रक्ताचा थेंब आला, लाल, टवटवीत. या म्हाताऱ्याला कसलाही रोग नव्हता.

मग नथ्थूनं पडदे बघायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात 'लटारू पेंटर, वडसा' आणि साल लिहिलेलं. त्यानं ते सालवार लावले. बत्तीस सालचा द्वारपाल, रंग उडालेला, पंजा उघडा, बोटं ताठ. छत्तीसचा ऋषी, ताठ. एकेचाळीस सालच्या बाईची करंगळी टोकाशी किंचित उतरलेली. सेहेचाळीस, थोडी जास्त. पन्नास. त्रेपन्न. आणि यंदाचा, अजून ओला, त्यावरच्या दोन्ही द्वारपालांची करंगळी आत वळलेली होती आणि शेजारचं बोट तिच्यामागोमाग निघालं होतं.

पंचवीस वर्षं. तो मामाकडे वळला. "खाका बदलला कधी?"

"नाई बा. बदलाचा कायले? उस्तादानं देल्ला तोच हाये."

"आण."

मामानं भिंतीवरच्या पत्र्याच्या नळीतून तो काढला. नथ्थूनं ओल्या पडद्यापाशी धरला. भोकं रेषेवर बरोबर बसली. मग बत्तीस सालच्या द्वारपालावर धरला. तळवा बसला, अंगठा बसला, तीन बोटं बसली. करंगळीची भोकं तळव्याच्या मांसात उतरली.

कागद आखडतो, त्यानं स्वतःला सांगितलं. पावसाळे झाले पंचवीस. पण कागद आखडला तर तळवाही आखडेल, आणि तळवा केसभर हलला नव्हता. त्यानं खाका उन्हाच्या तिरिपेत धरला. कुणी नंतर टोचलं असेल तर जुनी भोकं दिसतील, बुजवली असली तरी. जिथे करंगळी सरळ असायला हवी होती तिथे कागद कोरा होता. तिथे कधीच सुई लागली नव्हती.

"मामा, तुला दिसलं नाही हे?"

"मी त पुरचुंडी फिरवतो," मामा म्हणाला. "उमटते त्यात रंग भरतो. पाहाचं काय त्याच्यात?"

"आणि मला मारलं होतंस ते का? मी हात ठेवला म्हणून?"

मामानं मान खाजवली. "मलेबी उस्तादानं मारलं होतं. कोळसा फिरव, हात ठेवू नोको म्हने."

"का?"

"मी नाई इचारलं."

"उस्तादाची करंगळी कशी होती?"

"काय मालूम. शेवटी शेवटी तो डावा हात शालीतच ठेवत जाय. उन्हाळ्यातबी." मामा खळीत काठी फिरवू लागला. "तू त हे न घेताच पळाला होता. ने आता. तुलेच द्याचा होता."

नथ्थूनं खाका गुंडाळला तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडावर सुटका स्पष्ट दिसली. डोक्यावरचा भारा दुसऱ्याच्या डोक्यावर गेला की माणूस तसाच श्वास सोडतो. जेवून जा, असंही तो म्हणाला नाही.

६

डॉक्टरांनी खाका गुणाबाईच्या तिसऱ्या कागदावर ठेवला. भोकं आणि पेन्सिलीची रेषा एक झाली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"पाठ झालाय तुला," ते म्हणाले. "लहानपणी पाठ झालेलं जात नाही. मला अजून अडीचकीचा पाढा येतो." पडद्यांचं त्यांनी नीट ऐकूनही घेतलं नाही. कागद आखडतो, म्हणाले. आपण पाहिलं नाही ते घडलंच नाही, एवढा सोपा हिशेब त्यांचाही होता.

नथ्थूनं एक दिवस काहीच केलं नाही. मग त्याला सुचलं. दुसऱ्याचा हात आपल्याला फक्त दिसतो, आणि दिसण्यात कोणी ढवळाढवळ करत असेल तर आपण काय करणार? पण स्वतःचा हात दिसावाच लागत नाही. करंगळी सरळ आहे की वाकडी, हे डोळे मिटूनही आतून कळतं. तिथे कुणाचा खाका पोचणार नाही.

त्यानं खाका नळीत घालून कपाटावर ठेवला. काळं कापड स्वतः झटकलं. डावा हात पालथा ठेवला, मनगटाखाली वाळू, शेजारी पट्टी. उजव्या हातानं मोजलं, उजव्या हातानं काढलं. दर दहा मिनिटांनी तो डोळे मिटून आतून बघायचा. सरळ. डोळे उघडून कागद बघायचा. सरळ. पहिल्या दिवशी तो जेवायला उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी रंग दिले. अंगठ्यावरचा जुना व्रण दिला, नखांचा फिका गुलाबी दिला. दुपारी चारला शेवटची सावली दिली आणि ब्रश ठेवला.

रेषा हलली नव्हती. तो वाट बघत बसला. रंग वाळले. तरी हलली नाही.

"डॉक्टरसाहेब!" त्यानं तिथूनच हाक मारली. हात उचलायचंही सुचलं नाही.

गुणवंतराव आले, कागद खिडकीशी नेला, पट्टी लावली. "सरळ," ते म्हणाले. "सरळ आहे, नथ्थू. सुंदर आहे." आणि तिथल्या तिथे टाक घेऊन त्यांनी खाली लिहिलं : चित्र क्रमांक एक, निरोगी हात. उद्याच्या मोटारीनं सगळे बेचाळीस कागद जातील, म्हणाले. दुसऱ्या माणसाचं नावही काढलं नाही. नथ्थूला वर्षभरात पहिल्यांदा हसू आलं.

पोचू दारात गोळी घ्यायला आला होता. तो वाकून बघून म्हणाला, "आता तुह्याबी हात जाते भाऊ नागपूरले. माह्यासंग."

गुणाबाईनं चहा आणला. जर्मन धातूचा पेला, काठोकाठ, वाफा निघत होत्या. कागद खराब होऊ नये म्हणून तिनं तो काळ्या कापडाच्या कडेला टेकवला आणि कौतुकानं चित्र बघायला वळली. मग परत वळली.

"भाऊ," ती म्हणाली. "भाऊ, पेला तुमच्या बोटाले लागून राह्यला."

"हो का?"

"चटकून राह्यलं असन ना जी. उचला ना हात."

नथ्थूनं खाली पाहिलं. काळ्या कापडावर हात होता. पेल्याच्या तापल्या कडेला त्याची करंगळी अंग टेकून पडली होती, मधल्या पेरात आत वळलेली, जरा झोपेत असावी तशी. त्यानं डोळे मिटले. आतून ती सरळच होती.

डॉक्टरांनी पेला बाजूला केला. खुर्ची ओढून समोर बसले आणि रोग्यांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. लवकर आहे, गोळ्या आहेत. डोळे मिटलेलेच ठेव. टोचलं की सांग."

नथ्थू वाट बघत राहिला. बाहेर सुकलूचे बैल घुंगरं वाजवत होते. चिनी मातीच्या बशीत सुई परत ठेवल्याचा बारीक आवाज झाला. गुणाबाई 'माय वं' म्हणाली, अगदी हळू.

"टोचा ना जी," नथ्थू म्हणाला.